सहा कमानींचा पूल

बायकांना सवती असतात त्या हाडामांसाच्या. माझी सवत एक गाव होतं. विलायतेतलं, नदीकाठचं, मंगळवारी बाजार भरणारं, चिमूटभर गाव. मी ते पाहिलेलं नाही. ह्यांनीही पाहिलेलं नव्हतं. तरी आमच्या लोणावळ्याच्या दोन खोल्यांत ते बारा महिने मुक्काम ठोकून असे. नवऱ्याचं नाव मी घेत नाही ती रीत म्हणून. त्या गावाचं घेत नाही ते रागाने.

हे रेल्वेच्या कचेरीत ट्रेसर होते. इंजिनिअर साहेबाने पेन्सिलीने आखलेला नकाशा खाली ठेवायचा, वर पारदर्शक कापड ताणून बसवायचं आणि शाईने एकेक रेघ उतरवून काढायची, हे त्यांचं काम. घाटातले बोगदे, मोऱ्या, पूल, सगळं त्यांच्या हाताखालून गेलेलं. घरात हा माणूस मवाळ, भाजीत मीठ नसलं तरी न बोलता जेवणारा. पण रेघेच्या बाबतीत कडक सोवळं. जागेवर आहे ते काळ्या शाईत, व्हायचं आहे ते लाल शाईत, हा कचेरीचा नियम त्यांनी घरीही आणला होता. थोरलीने पाटीवर आमचं घर काढून त्याला नसलेली माडी चढवली, तर म्हणाले, "माडी लालमध्ये काढ. नसलेलं काळ्यात काढलं की उद्या कुणीतरी त्या भरवशावर पाय टाकतं." पोरगी बिचारी पाटीवर लाल कुठून आणणार?

ह्यांचे इंजिनिअर साहेब एका पावसाळ्यात तापाने वारले. त्यांची बाई आता विलायतेला परत जाईल असं सगळ्यांना वाटलं. ती गेली नाही. आधी म्हातारा कुत्रा सोडवेना म्हणून राहिली. कुत्रा मेला तोवर लढाई सुरू झाली आणि बोटींचा भरवसा उरला नाही. त्यातच तिची नजर मंदावत चालली. डोळ्यांबरोबर आपलं गावही जाईल अशी तिला धास्ती बसली असावी. तिने ह्यांना बंगल्यावर बोलावून घेतलं आणि सांगितलं, मी बोलते तसा माझ्या गावाचा नकाशा काढून दे, जाड रेघांचा, मला दिसेल असा.

झालं. तेव्हापासून आमचे रविवार गेले. सकाळी अंघोळ, धुतलेला कोट, काखेत गुंडाळी, की निघाले बंगल्याकडे. बाई वेताच्या खुर्चीत डोळे मिटून आपल्या गावातून चालायची आणि हे मागोमाग रेघ ओढत जायचे. एका रविवारी एक गल्ली. पुढच्या रविवारी बाई म्हणणार, नाही नाही, लोहार डाव्या हाताला होता. की ती गल्ली पुन्हा पहिल्यापासून. शाई पात्याने हलकेच खरवडायची, त्यावर खडूची पूड घासायची आणि मग नवी रेघ. वर्षानुवर्षं हेच चाललं होतं. बाईचं वय सत्तरीपुढे, पाय सुजलेले, तोंडाचं बोळकं होत आलेलं. तिच्यावर जळायची सोय नव्हती. म्हणून मी गावावर जळले.

दुपारी जेवायला बसले की पहिल्या घासापासून सुरू. "आज बाजार पुरा झाला. मधोमध दगडी क्रूस आहे, भोवती पायऱ्या. त्या पायऱ्यांवर लोणी-अंडी विकणाऱ्या बायका बसायच्या. कुठल्याशा राजाने त्यांना मंगळवारी बाजार भरवायची सनद दिली होती, तेव्हापासून मंगळवार चुकलेला नाही." मग त्या राजाचं आणि रयतेचं कसं फाटलं, लढाईत देवळाच्या भिंतीत तोफेचा गोळा कसा रुतून बसला आणि अजून तो कुणी कसा काढलेला नाही. मग भटारखान्यातून आग लागून एक अख्खी आळी कशी जळाली. धान्याचा व्यवहार चालायचा ती काचेच्या छपराची इमारत, तिथे शेतकरी खिशातून मूठभर गहू काढून दाखवायचे म्हणे. पांढऱ्या घोड्याच्या पाटीची खाणावळ. घोड्यांना पाणी प्यायला दगडी डोणी. आणि देवळाच्या मनोऱ्यावरचं घड्याळ! त्या घड्याळाला तीनच तोंडं. चौथ्या बाजूला जी वस्ती होती तिने वर्गणी दिली नाही, म्हणून त्या अंगाला नुसती भिंत. त्यांनी वेळ बघायची नाही. हे सांगताना ह्यांना इतकं हसू यायचं की ठसका लागायचा. मी पाण्याचं भांडं पुढे करायची आणि मनात म्हणायची, मी त्या चौथ्या बाजूची.

एकदा कोंडवाडा निघाला. मोकाट गुरं कोंडायची जागा, गावाच्या टोकाला. मला राहवलं नाही. "आमच्या इंदुरीतही आहे कोंडवाडा," मी म्हणाले.

"असेल," हे म्हणाले, आणि कढी मागितली.

असेल! त्या एका शब्दावर मी आठवडाभर धुमसत होते. कढीत हिंग घालायचं बंद केलं. ते त्यांच्या लक्षातही आलं नाही.

काय नव्हतं माझ्या गावाला? इंदुरीला गढी होती, नदीच्या अंगाला दगडी बुरूज होते, दरवाजा असा की हत्ती आत जावा. आत देवी. नदीला घाट. बाजारालाही काही कमी नव्हतं. भाद्रपदात तिथे बैलांच्या माळा आणि झुली घ्यायला लांबलांबून लोक येत. आणि लढाईचंच कौतुक असेल तर साहेबाच्या फौजेला वडगावला शरण यावं लागलं होतं, ते आमच्याच मावळात. हे मी एकदा त्यांना ऐकवलं. "सांगा तुमच्या बाईंना," मी म्हणाले. पुढच्या रविवारी येऊन हे निवांतपणे म्हणाले, "सांगितलं. त्यांना ठाऊक आहे." म्हणजे तेही गेलं.

मला बंगला नको होता, गोठ-पाटल्या नको होत्या. ह्या माणसाने एकदा, एकच दुपार, माझ्या गावाबद्दल असं विचारावं: मग? डावीकडे काय? आणि पुढे? मला एवढंच हवं होतं, आणि तेवढंच मिळत नव्हतं.

त्याला एक कारणही होतं, आणि त्या कारणाने माझा जळफळाट दुप्पट व्हायचा. थोरलीच्या बारशाला हे श्रावणात इंदुरीला निघाले होते. तळेगाव स्टेशनवर उतरले, माझा भाऊ बैलगाडी घेऊन आला होता. पण आमच्या वाटेवर इंद्रायणीला पूल नव्हता. उन्हाळ्यात उतार, पावसाळ्यात नाव. त्या दिवशी नाव मधोमध गेली आणि ओढीत सापडून गरगर फिरली. ह्यांची टोपी गेली, पंचा गेला, बाळासाठी आणलेलं कुंची-अंगडं गेलं. काठाला लागले तेव्हा बोटं नावेच्या कडेवरून सोडवावी लागली, असं भाऊ सांगतो. त्या ओल्या अंगाने त्यांनी माझ्या वडिलांना, आबांना, सांगून टाकलं, "आता पूल झाला की येईन."

आबांना वाटलं, जावई थट्टा करतायत. ती थट्टा नव्हती. त्यानंतर माहेरी जायचं तर भाऊ न्यायला येई आणि हे तळेगाव स्टेशनपर्यंत पोचवून परत फिरत. उन्हाळ्यात, नदीत गुरंसुद्धा पाय ओले न करता पलीकडे जायची तेव्हाही. आणि हाच माणूस दुसऱ्याच्या गावच्या पुलाचं वर्णन करताना जेवण विसरायचा. पाच कमानी, दगडी. त्यातली एक महापुरात गेली ती विटांनी बांधली, म्हणून रंगाने वेगळी. पुलावर मध्ये मध्ये कोपरे काढलेले, गाडी आली की माणसांनी तिथे सरकून उभं राहायचं. "किती विचार केलाय बघ!" हे म्हणायचे. मी बघत बसायची. दुसरं काय करणार?

मग ती दिवाळी आली. मुलांचा किल्ला करायचा होता. लोहगड-विसापूर हाकेच्या अंतरावर असलेल्या मुलखात आमच्या पोरांना किल्ला काय शिकवायचा! पण ह्यांनी होऊनच म्हटलं, "यंदा मी करून देतो." मला इतकं बरं वाटलं की मी गोणपाटं दिली, तांबडी माती चाळून दिली, पितळी परात दिली. स्वयंपाकघरात चकल्यांचा घाणा चालू होता, म्हणून मी दिवसभर बाहेर पाहिलं नाही. संध्याकाळी पणती ठेवायला गेले तर अंगणात किल्ला नव्हताच. ते गाव होतं. क्रूस, पायऱ्या, तीन तोंडांचं घड्याळ, डोणी, पांढरा घोडा, आणि परातीतल्या पाण्यावर पाच कमानींचा पूल. चौथी कमान विटकरीच्या भुकटीने रंगवलेली. माझ्या अंगणात. माझ्या परातीत.

दुसऱ्या दिवशी औंढ्याहून दूध घालायला येणारी मावशी कासंडी टेकवून बघतच राहिली. "ह्यो कंचा किल्ला म्हनायचा? बुरूज न्हाई, तट न्हाई. म्हाराजांनी बसायचं कुटं?"

"विचारा यजमानांना," मी म्हणाले.

मुलांना मात्र तेवढंच निमित्त पुरलं. त्यांनी महाराजांना क्रूसाच्या पायऱ्यांवर बसवलं, मावळे पुलावर उभे केले आणि मातीचा वाघ कोंडवाड्यात घातला. वाघामुळे मला जरा गार वाटलं.

ते गार वाटणंही टिकलं नाही. हे बाईला टांग्यात घालून घेऊन आले. ती काठीवर वाकली, मग चक्क खाली बसली. दिसत तर फारसं नव्हतंच. तिने हात पुढे केला आणि बोटांनी पुलावरून चालत निघाली. खाणावळ, डोणी, बाजार. क्रूसापाशी बोटांना महाराजांचा जिरेटोप लागला. हे कोण, तिने विचारलं. आमचे राजे, हे म्हणाले. बाई म्हणाली, बसू देत, बाजाराला आले असतील, मंगळवार असेल. आणि रडायलाच लागली. शेजारणींनी डोळ्यांना पदर लावले. आमच्या थोरलीने नाक ओढलं. मी चकल्यांचं ताट घेऊन उभी होते. कुणी एक चकली उचलली नाही.

पेरलेले अळीव उगवले तेव्हा त्या विलायती नदीचा काठ हिरवागार झाला. मुलं शाळेत जाताना सांगून जायची, आई, पाणी घाल हं. सवतीला रोज पाणी घालायची पाळी माझ्यावर आली, आणि मी ते घातलं. हट्टाने चांगलं भरपूर घातलं. ते गाव सडावं अशी माझी इच्छा होती. ते आणखी हिरवं झालं.

पुढच्या दसऱ्यालाच मी सांगून टाकलं, यंदा किल्ला मी करणार, इंदुरीचा. हे "कर" म्हणाले. त्यात "असेल"चाच वास मला आला, आणि मी पदर खोचला.

काय सांगू, तो किल्ला असा झाला की शेजारच्या आळीतली पोरं आपापले किल्ले सोडून आमच्याकडे यायला लागली. बुरूज मी ओल्या फडक्याने गुळगुळीत केले. दरवाजाला बाभळीचे काटे खोचून खिळे केले. देवीचं देऊळ, घाटाच्या पायऱ्या, बाजार, बैलांच्या माळांची दुकानं. आमचं घर आणि त्यापुढचं उंबराचं झाड. कोंडवाडा मुद्दाम मोठा केला. नदीला परात पुरेना, म्हणून कडेने पत्रा वाकवून लावला आणि पाण्यात नीळ घातली. सगळं झाल्यावर लांब उभी राहून पाहिलं. सगळं होतं, आणि तरी माझं लक्ष पुन्हा पुन्हा नदीवरच जायचं. अलीकडे तळेगावचा रस्ता येऊन थांबला होता. पलीकडे घाट. मध्ये निळं पाणी.

मी मातीचा गोळा उचलला आणि कमानी वळायला बसले. पाच झाल्या. मग आणखी एक केली. लोकांना मी सांगते, जागा उरली होती म्हणून सहावी केली. जागा उरली नव्हती. मी नदी रुंद केली.

संध्याकाळी हे कचेरीतून आले. किल्ल्यापाशी बसले, बोटाने कमानी मोजल्या, आणि हातपाय धुवायला गेले.

भाऊबीजेला माझा भाऊ आला. फेटा काढायच्या आधीच पोरांनी त्याला ओढत किल्ल्यापाशी नेलं. त्याने सगळं ओळखलं, उंबर ओळखला, आबांची बसायची जागा ओळखली. मग थांबला.

"ताई, ह्यो पूल कवा झाला गं?"

मी ऐकलं न ऐकलंसं केलं.

"न्हाई, मी सकाळी निगालो तवा तर नव्हता. गुडगाभर पान्यातनं आलोय न्हवं." आणि आपल्याच बोलण्यावर खदखदून हसला. मुलं टाळ्या पिटून नाचायला लागली, आईने खोटा पूल केला, आईने खोटा पूल केला. हेही हसले.

त्यांच्या हसण्याने माझा तोल गेला. "खोटा नाही, व्हायचाय!" मी ओरडले. "माझ्या माहेरच्या जावयाला पाय ओले करवत नाहीत म्हणून व्हायचाय. विलायतेतला बोळन् बोळ पाठ आहे, आणि माझ्या बापाचं घर नदीपासून किती पावलांवर आहे ते विचारा! आबा दर दिवाळीला वाटेकडे डोळे लावून बसतात. त्या मेल्या गावाला पूल आहे, घड्याळ आहे, रोज त्याचा जप आहे. माझ्या गावाला निदान मातीचा तरी असू दे!"

भाऊ फेटा हातात घेऊन उभा राहिला आणि विनाकारण तो झटकायला लागला. हे उठले, पुलापाशी जाऊन बसले.

"व्हायचा आहे म्हणतेस?" ते म्हणाले. "मग तो लालमध्ये येईल. बाकीचं काळ्यात. पण मला मोजल्याशिवाय काढता येत नाही. उद्या मेव्हण्यांबरोबर जाऊ."

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे गाडीने तळेगावला उतरलो. उताराशी आल्यावर ह्यांनी बूट काढले, कोट काढून डोक्यावर बांधला आणि भावाचा खांदा धरून पाण्यात पाय घातला. कार्तिकातलं पाणी, गुडघ्याच्या वर नव्हतं. तरी चेहऱ्यावर रक्ताचा टिपूस उरला नव्हता. मधोमध जाऊन थांबले. मी मागेच होते. मला वाटलं, आता परत फिरतात.

"बाईंची नदी एवढी रुंद नाही," ते म्हणाले, आणि पुढे निघाले.

मला त्या पाण्यात नाचावंसं वाटलं. धाकटा कडेवर होता म्हणून नाचले नाही.

पुढचं इंदुरीत अजून सांगतात. कोट घातलेला, हातात फीत आणि वही घेतलेला माणूस घाट मोजतोय, दुसरं टोक माझ्या भावाच्या हातात, हे गावाने पाहिलं आणि गावाला एकच अर्थ लागला. सरकारी मोजणी आली. बघता बघता माणसं जमली. ज्यांचे मळे नदीकाठी होते ते आधी धावले. "कुनाची जिमीन जानार?" म्हणून एकजण आबांच्या अंगावरच आला. दुसरे एक म्हातारे हात जोडून म्हणाले, "रावसायेब, पुलाचं मंजूर झालं जनू?" कुणीतरी घरात जाऊन नारळ घेऊन आलं. आबा खोकत होते, भाऊ माझ्याकडे बघत होता. ह्यांनी नुसतं हं म्हटलं असतं तरी त्या दिवशी गावाने त्यांना खांद्यावर घेतलं असतं. पण हा माणूस पाटीवरची माडीसुद्धा लालमध्ये काढायला लावणारा.

"नाही हो," ते म्हणाले. "सरकारचं काही नाही. बायकोसाठी मोजतोय."

"कुनासाटी?"

"बायकोसाठी. तिला तिचं गाव कागदावर हवंय."

मग जो हशा पिकला तो गढीच्या दरवाजापर्यंत गेला असेल. आबा आधी शरमले, मग त्यांनाही हसू आवरेना. नारळ फुटलाच, आणलेला परत कुठे नेणार? त्या दिवसापासून हे इंदुरीत "गाव मोजनारा जावई" झाले ते कायमचे. दुपारी पाणवठ्यावर माझी चुलतबहीण माझ्याकडे न बघता म्हणाली, "लय येडा हाय गं तुजा नवरा. बायकूसाटी कोन गाव मोजतंय!" तिचा तो सूर मी ओळखला. वर्षानुवर्षं तो माझाच सूर होता. त्या दिवशी मी घागर दोनदा धुतली, मुद्दाम, तिने अजून काही बोलावं म्हणून.

मग आमचे रविवार वाटले गेले. सकाळी बंगला, दुपारी इंदुरी. हे नकाशा पसरून बसायचे, मी तांदूळ निवडत सांगायची. देवळाच्या मागे चिंच. "मग? डावीकडे काय?" डावीकडे सुताराचा कारखाना. "आणि पुढे?" त्यांनी आणि पुढे म्हटलं की मी उगाच थांबायची. आठवत नाही असं दाखवायची, म्हणजे ते पुन्हा विचारायचे. नकाशा पुरा झाला. सगळं काळ्या शाईत, आणि नदीवर सहा कमानींचा पूल तेवढा लाल, कुंकवाच्या रेघेने काढल्यासारखा.

माझी सवत मेली असं मला वाटलं होतं. पण तसं व्हायचं नव्हतं.

लढाई संपली, बोटी सुरू झाल्या. बाईच्या कुणा दूरच्या नातलगाने तिला तिकडे बोलावून घेतलं. निघायच्या आदल्या दिवशी ती टांगा करून आमच्याकडे आली, आपल्या गावाचा नकाशा मांडीवर घेऊन. म्हणाली, मी आता खऱ्या गावातच जातेय, हा मला कशाला? हा तुमच्याकडे राहू दे. मग तिचा आवाज जरा खाली गेला. तिकडे माझ्या ओळखीचं कुणी उरलेलं नाही, तिने ह्यांना सांगितलं, इतकी वर्षं मी इथे काढली, भिंतीवर इथलं काहीतरी हवं. तुझ्या बायकोच्या गावाचा नकाशा काढलाय म्हणतोस, तो दे.

ह्यांनी ते मला मराठीत सांगितलं आणि म्हणाले, "तू म्हणशील तसं. उतरवून घ्यायला आता वेळ नाही, पण मी दुसरा काढीन."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हणजे सवत माझ्या घरात कायमची राहणार, आणि माझी इंदुरी बोटीत बसून सातासमुद्रापार! नाही म्हणायला मी तोंड उघडलं. समोर ती म्हातारी बसली होती, हात पुढे केलेला, नजर भलतीकडेच. मला दिसलं, की हा कागद जाणार कुठे, तर त्याच गावात. तिथे माणसं येतील, भिंतीपाशी उभी राहतील, विचारतील, हे कुठलं गाव? गढी केवढी! नदी केवढी! आणि मग कुणीतरी जवळ जाऊन बघेल आणि म्हणेल, यांना पूल नाही वाटतं? लाल आहे म्हणजे अजून व्हायचाय.

"द्या," मी म्हणाले. "पण एक करा. पूल काळा करा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "अगं, पण तो नाहीये."

"माहीत आहे मला."

"उद्या कुणी त्या भरवशावर..."

"विलायतेहून कोण येतंय इंदुरीत पाय टाकायला!"

बाईला काय चाललंय ते कळत नव्हतं. तिला मी चहा दिला. हे खिडकीपाशी नकाशा घेऊन बसले. बराच वेळ लेखणी नुसती धरून होते. ज्याने तिच्या गावातला एक लोहार उजवीकडून डावीकडे न्यायला रविवारच्या रविवार घालवले, तो माणूस. मग त्यांनी पातं घेतलं. लाल शाई हलक्या हाताने खरवडली, खडूची पूड घासली, फुंकर मारली. आणि दौतीत लेखणी बुडवून एकेक कमान काळ्या शाईत ओढायला लागले. सहाही ओढल्या. शेवटच्या कमानीची रेघ जरा जाड आली.

बाईचा नकाशा आमच्या भिंतीवर आहे. शेजारी ह्यांनी पुन्हा काढलेली इंदुरी आहे, तिच्यात पूल लाल आहे. इंद्रायणीला आमच्या वाटेवर अजून पूल नाही, पावसाळ्यात नावेनेच जावं लागतं. हे आता दर भाऊबीजेला भावाबरोबर इंदुरीला येतात, पाण्यात मधोमध थांबतात आणि पुढे निघतात. येणाराजाणारा विलायती गावाचंच कौतुक करतो, घड्याळाला तीनच तोंडं कशी म्हणून विचारतो, आणि ते सगळं आता मलाच सांगावं लागतं. सांगताना अजून जळजळतं. तेव्हा मी तिकडच्या त्या भिंतीची आठवण काढते. तिथली एखादी बाई रोज धूळ झटकताना माझ्या गावासमोर उभी राहत असेल. तिच्या पुलाला पाच कमानी आहेत. माझ्या पुलाच्या ती मोजत असेल.